‘जरा जास्त झाली’

दिवाळी सरली की आमच्या सीमाभागात मैदानांचे दिवस सुरू होतात. कार्तिकातल्या जत्रांपासून वैशाखातल्या यात्रांपर्यंत बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात कोठे ना कोठे कुस्त्या असतात, कोठे बैलगाड्यांच्या शर्यती असतात आणि अलीकडे विजेच्या झोतात टेनिस चेंडूवरचे क्रिकेट सामनेही असतात. हलगी-घुमके ऐकू आले की घरात बसवत नाही, हा आपल्या मातीचा गुणच आहे. मलाही बसवत नाही. पण हल्ली मैदानावर जाताना पाऊल थोडे अडखळते. शाळेतल्या मुलांना बरोबर न्यावे की नाही, याचा विचार करावा लागतो. कारण एकच. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांपैकी कितीजण शुद्धीवर असतील, याची आता खात्री देता येत नाही.

मैदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे चक्कर टाकावी. आदल्या दिवशीच्या आनंदाचा हिशोब तेथे पडलेला दिसतो. प्लॅस्टिकचे पेले, चपट्या बाटल्या, कागदी पाकिटे, खाऱ्या शेंगदाण्यांच्या पुड्या. पिणारे पूर्वीही होते. परंतु पूर्वी पिणारा मैदानापासून लांब बसे आणि वस्तादाची नजर चुकवून चालत असे. आता तो पहिल्या रांगेत येऊन बसतो आणि नजर दुसऱ्यांना चुकवावी लागते. हा जो फरक पडला आहे, त्याविषयी मला लिहायचे आहे. दारू वाईट, हे सांगण्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालण्याची गरज नाही. ते पिणाऱ्यालाही ठाऊक असते. माझा प्रश्न वेगळा आहे. मैदानावर प्यायलेल्या माणसाच्या हातून जे घडते, त्याचा कर्ता कोण?

मी व्याकरण शिकवणारा माणूस आहे, म्हणून ‘कर्ता’ हा शब्द वापरला. मराठीत दारूविषयी आपण कसे बोलतो ते पाहावे. ‘त्याला चढली.’ या वाक्यात कर्ता दारू आहे. माणूस बिचारा चतुर्थीत जाऊन बसला आहे. ‘काल जरा जास्त झाली.’ येथे तर माणूस वाक्यातून साफ नाहीसा झाला. दारू आपोआप आली, आपोआप पोटात गेली आणि आपोआप जास्त झाली. पुढचे वाक्य असते, ‘माझ्या हातून घडले.’ म्हणजे हात माझा, पण मी नव्हे. आपण अभ्यास ‘झाला’ म्हणतो तेव्हा गुरुजी विचारतात, ‘कोणी केला?’ दारूच्या बाबतीत हा प्रश्न कोणीही विचारत नाही.

आपल्या दुभाषी मुलखात आणखी एक शब्द दोन्ही घरी नांदतो. मराठीत आपण ‘दारूच्या अंमलाखाली’ म्हणतो, कन्नडमध्ये नशेलाच ‘अमलु’ म्हणतात. मूळ शब्द अरबी. अंमल म्हणजे सत्ता, हुकूम. अंमलदार तो त्यातलाच. या दोन्ही भाषांनी नशेला राज्य मानले आणि पिणाऱ्याला रयत. राज्य दुसऱ्याचे असेल तर रयतेला जाब कसला विचारायचा? पण एक गोष्ट आपण विसरतो. या राज्याला कोणी चाल करून यावे लागत नाही. आपण पैसे मोजून त्याला आणतो आणि आपणच त्याच्या हाती किल्ल्या देतो.

हा विचार नवा नाही. प्राचीन ग्रीसमध्ये मिटिलीनी नावाच्या नगरात पिटॅकस नावाचा शास्ता होऊन गेला. प्यायलेल्या माणसाने गुन्हा केला तर त्याला शुद्धीतल्या माणसाहून अधिक शिक्षा द्यावी, असा कायदा त्याने केला होता. ॲरिस्टॉटलने त्याचा उल्लेख केला आहे आणि दारू न पिणे हे त्या माणसाच्याच हाती होते, असे अशा शिक्षेमागचे कारणही सांगितले आहे. आपला फौजदारी कायदा इतका कडक नाही, पण त्याची दिशा तीच आहे. भारतीय दंडसंहितेची ८५ आणि ८६ ही कलमे, आणि १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी आलेली भारतीय न्याय संहितेची २३ आणि २४ ही कलमे, एक साधा भेद करतात. कोणी न कळत किंवा बळजबरीने पाजली असेल तर गोष्ट निराळी. स्वतःहून प्यायलेल्याला ‘मला कळत नव्हते’ असे म्हणून सुटता येत नाही. कायद्याने कर्ता शोधून वाक्यात परत बसवला आहे.

यावर सुशिक्षित मंडळी स्वातंत्र्याचा मुद्दा काढतात. ‘माझ्या पैशाने पितो, तुमचे काय जाते?’ या पक्षाचा मोठा वकील जॉन स्टुअर्ट मिल. १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात त्याने दारूबंदीला विरोधच केला आहे. परंतु त्याच पुस्तकात तो म्हणतो की, जो माणूस पिऊन दुसऱ्याला मारहाण करतो असे एकदा सिद्ध झाले, त्याच्यावर खास निर्बंध घालणे योग्य ठरेल. म्हणजे स्वातंत्र्याचा हा कैवारीसुद्धा आपली रेघ दुसऱ्याच्या अंगणापाशी आणून थांबवतो. मैदान हे कोणाचे अंगण? ते एकट्याचे खासच नव्हे.

येथे प्रेक्षक म्हणजे कोण, हे पाहिले पाहिजे. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतले. १९१२ साली ते पुरे झाले. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कोठेही बसा, कुस्ती दिसलीच पाहिजे, असा तो घाट. बांधणाऱ्याने प्रेक्षकाला काय मानले होते ते त्या रचनेतून कळते. कुस्तीत पंच निकाल देतो, पण साक्ष देतो तो प्रेक्षक. चिकोडीजवळच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. आपल्या भागात त्यांचे नाव घरोघरी गेले ते काही सरकारी दप्तरामुळे नव्हे. ज्यांनी त्यांच्या कुस्त्या डोळ्यांनी पाहिल्या, त्यांनी चावडीवर, रानात, न्हाव्याच्या दुकानात त्या पुन्हा पुन्हा सांगितल्या. डाव कसा धरला, कोठे सुटला, पाठ कधी लागली. पाहणाऱ्याने नीट पाहिले म्हणून पैलवानाची मेहनत वाया गेली नाही. मराठी आणि कन्नड बोलणारे एकाच मातीच्या कडेला बसून पाहत. ढाक आणि घिस्सा हे शब्द समजावून सांगायला दुभाषा लागत नव्हता आणि आजही लागत नाही.

प्यायलेला माणूस ही साक्ष देऊ शकत नाही. तो मैदानात असतो, पण पाहत नाही. त्याला आपलाच आवाज ऐकू येतो.

आमच्या भागातल्या एका जत्रेतली गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही. आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा आणि हुक्केरीकडचा त्याच वयाचा एक मुलगा अशी जोड लागली होती. बक्षीस तीनशे रुपये. पण दोघेही जिवाच्या कराराने भिडले. सात-आठ मिनिटे झाली तरी कोणी कोणाला मागे सरू देईना. लोक रंगात आले होते. एवढ्यात कडेच्या एका गृहस्थाने त्या हुक्केरीकडच्या पोराला उद्देशून शिवी हासडली. शिवी नुसती त्या मुलाला असती तर ती मातीत विरली असती. त्याने त्याच्या आईला आणि त्याच्या भाषेला एकाच दमात घेतले. पलीकडून उत्तर आले. अर्धे मैदान उठून उभे राहिले. हलगी थांबली. पंचांनी कुस्ती सोडवली आणि पुढच्या दोन जोडी न लावताच मैदान उठवले. या सगळ्यात ती दोन पोरे लाल मातीत एकमेकांची मनगटे धरून तशीच उभी होती. सोडायचे की नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

परतताना टेंपोत आमच्या मुलाने मला विचारले, “सर, त्या काकांनी आमची कुस्ती बघितली तरी होती का हो?”

ते गृहस्थ तिसऱ्या दिवशी शाळेत आले. तंबाखूच्या वखारीत हमाली करणारा, पोराच्या फीसाठी जादा पाळी करणारा माणूस. कधीकाळी माझ्याच वर्गात बसलेला. मान खाली घालून म्हणाला, “सर, त्या दिवशी जरा जास्त झाली.” मी म्हटले, “अरे, जास्त झाली नव्हती. तू जास्त प्यालास.” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “होय, मी प्यालो.” माझ्या मते त्याची सुधारणा त्या वाक्यापासून सुरू झाली. पुढे तो सुटला की नाही, हा त्याचा खासगी प्रश्न आहे. पण त्या दिवशी तो वाक्यात परत आला.

आमच्यासारख्या भागात ही गोष्ट अधिक जपण्याची आहे. पुण्या-मुंबईच्या मैदानात दारुड्याने शिवी दिली तर ती एका दारुड्याची शिवी असते. येथे ती भाषेची शिवी होते. सीमाप्रश्नावर ज्याची जी मते असतील ती असोत. ती सांगायला सभा आहेत, वर्तमानपत्रे आहेत, न्यायालय आहे. पावशेर पोटात गेलेल्या माणसाने दोन समाजांचे वकीलपत्र घ्यावे, हे कोणालाच परवडणारे नाही. शेजारच्या कन्नड घरातून सणाला येणारे ताट अशा एका शिवीने बंद होऊ शकते. ते पुन्हा सुरू व्हायला वर्षे लागतात.

येथपर्यंत पिणाऱ्याविषयी लिहिले. आता दुसरी बाजू पाहू. कारण कर्ता लपवण्याची ही युक्ती एकटा पिणाराच करतो असे नाही.

१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना होता. प्रेक्षकांच्या एका कठड्याबंद भागात मर्यादेबाहेर माणसे सोडली गेली आणि चेंगरून माणसे मेली. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. लगोलग सांगण्यात आले की प्रेक्षक प्यायलेले होते, त्यांनीच रेटारेटी केली. मृतांच्या रक्तात दारू किती, हे तपासले गेले. त्या मृतांत लहान मुलेही होती, आणि त्यांचेही रक्त तपासले गेले. दहा वर्षांच्या मुलाच्या रक्तात दारू शोधणाऱ्यांना नेमके काय शोधायचे होते, हे निराळे सांगायला नको. नातेवाईक वर्षानुवर्षे लढले. २०१२ साली स्वतंत्र समितीने सर्व कागद बाहेर काढले आणि २०१६ साली पंचमंडळाने निर्णय दिला की, हे मृत्यू बेकायदा घडवलेले होते आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात दोष नव्हता. चूक बंदोबस्ताची होती. सत्तावीस वर्षे ‘दारू’ या एका शब्दाच्या आड ती लपून राहिली.

म्हणजे पाहा, पिणारा म्हणतो, ‘दारूने केले.’ व्यवस्थापक म्हणतो, ‘प्यायलेल्यांनी केले.’ दोघांची वाक्यरचना एकच आहे. दोन्हींत बोलणारा स्वतः नाही.

आपल्या मैदानांच्या समित्यांनी हे स्वतःला लावून पाहावे. गोंधळ झाला की ‘चार दारुडे होते हो’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मैदानाच्या तोंडाशी ऑम्लेटच्या गाड्यामागे पेले कोणाच्या देखत भरले जात होते? बायका-मुलांसाठी वेगळी बसण्याची सोय का नव्हती? पिण्याच्या पाण्याची टाकी का नव्हती? देणगीदारांच्या फलकावर पहिले नाव कोणाचे होते? गावातल्या सामन्यांना बक्षीस देणाऱ्यांत बारचे मालक असले की आयोजकाची जीभ जड होते, हे सर्वांना माहीत आहे.

आणि हे फक्त गावातच होते असे नाही. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा आपल्या राज्याच्या राजधानीचा संघ एका मद्य उद्योगपतीने घेतला आणि त्याचे नाव आपल्या व्हिस्कीच्या नावावरून ठेवले. दूरदर्शनच्या पडद्यावर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. म्हणून तेच नाव सोड्याला आणि पाण्याला देऊन ते घरोघर पोचवले जाते. आमच्या पाचवीतल्या पोरांना ते नाव संघाचे म्हणून पाठ असते. ३ जून २०२५ रोजी हा संघ अठरा वर्षांनी प्रथमच अजिंक्य ठरला. कोठे, तर अहमदाबादेत, गुजरातेत, जेथे राज्य स्थापनेपासून दारूबंदी आहे. व्हिस्कीच्या नावाचा संघ दारूबंदीच्या राज्यात करंडक उचलतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही, इतके आपण सरावलो आहोत.

दुसऱ्याच दिवशी बेंगळूरला विजयोत्सवाच्या वेळी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचे प्राण गेले. ती दुर्घटना दारूमुळे घडली असे कोणी म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. उलट, तिचा उल्लेख मी एवढ्यासाठीच केला की, नशा बाटलीतूनच येते असे नाही. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत हरतो आहे असे दिसताच प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, बैठकींना आगी लावल्या. सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. विनोद कांबळी रडत बाहेर येतानाचे चित्र अनेकांना आठवत असेल. तेथे गर्दीच दारू झाली होती. गर्दीत माणूस एकटा असताना जे करणार नाही ते करतो आणि नंतर म्हणतो, ‘सगळेच करत होते.’ येथेही वाक्यात ‘मी’ नाहीच. प्यायलेला माणूस या गर्दीत शिरला की एका नशेत दुसरी मिसळते आणि मग ती कोणाच्याही हाती राहत नाही.

यावर बंदी हा उपाय आहे का? मैदानापुरती बंदी फार जुनी आहे. ग्रीसमधल्या डेल्फीच्या धावमैदानाच्या भिंतीवर मद्य नेण्यास मनाई करणारा लेख कोरलेला आहे. मोडणाऱ्याला पाच द्राक्मा दंड आणि त्यातला अर्धा खबर देणाऱ्याला. स्कॉटलंडने १९८० च्या मोठ्या दंगलीनंतर फुटबॉल मैदानावर दारूला बंदी केली. २०२२ च्या विश्वचषकापूर्वी दोनच दिवस कतारने स्टेडियममधली बिअर बंद केली आणि खेळात काही उणे पडले नाही. मैदानापुरती बंदी व्हावी, या मताचा मी आहे.

पण सबंध बंदीचा अनुभव आपल्याला आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि १९४९ चा दारूबंदी कायदा येथेही लागू होता. तरी रानातल्या भट्ट्या विझल्या नाहीत, हे जुनी माणसे सांगत. पुढे १ जुलै २००७ पासून कर्नाटकाने सारायी बंद केली, तेव्हा पिणारा स्वस्त व्हिस्कीच्या पाकिटाकडे वळला किंवा हद्द ओलांडून पलीकडच्या देशी दुकानात गेला. आपल्याकडे हद्द ओलांडायला काय लागते? कोगनोळीचा नाका पार केला की कायदा बदलतो, माणूस तोच राहतो. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बेळगावला आले. ते त्यांचे एकमेव अध्यक्षपद. त्या अधिवेशनाची विहीर आजही आपण पाहुण्यांना दाखवतो. दारूबंदी हा गांधीजींच्या विधायक कार्याचा भाग होता, पण त्या कार्याचा सारा भर मनुष्याने स्वतःवर राज्य करण्यावर होता. स्वराज्य हा शब्द त्यांनी त्याही अर्थाने वापरला. दुसऱ्याच्या अंमलाखाली जाण्याच्या उलट ती गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, तंबाखूवर जगणाऱ्या मुलखातल्या मास्तराने व्यसनावर बोलू नये. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकत नाही. निपाणीच्या कित्येक घरांच्या चुली विडी वळून पेटल्या. १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन भावासाठी होते आणि ते न्याय्य होते. पण पोट ज्यावर चालते त्याच्याविषयी बोलू नये, असा नियम केला तर मग बोलणार कोण? पोटासाठी जे करावे लागते ते करताना त्याचे परिणाम डोळ्यांआड न करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

म्हणून माझे म्हणणे छोटे आहे. मैदान भरवणाऱ्या समितीने पत्रिकेत ‘पिऊन येणाऱ्यास प्रवेश नाही’ असे मराठीत आणि कन्नडमध्ये छापावे आणि ते पाळावे. निवेदकाने दोन्ही भाषांत तेच सांगावे. जो पिऊन आला त्याला त्याच्याच गावच्या, त्याच्याच भाषेच्या माणसाने हाताला धरून बाहेर न्यावे. दुसऱ्या भाषेच्या माणसावर ही वेळ आणू नये, नाहीतर एका भांडणाची दोन भांडणे होतात. दारूच्या पैशाचे बक्षीस नाकारावे, मग इनाम पाचशेऐवजी तीनशेच राहिले तरी चालेल. पोरे तीनशेवरही जिवाच्या कराराने लढतात, हे मी पाहिले आहे. आणि गोंधळ झाला तर समितीने ‘दारुड्यांनी केले’ न म्हणता ‘आमचा बंदोबस्त कमी पडला’ असे जाहीर म्हणावे.

घरातल्यांनीही एवढे करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी ‘जरा जास्त झाली’ म्हणाला, तर हसून चहा पुढे करू नये. त्याला प्रेमाने, पण पुन्हा एकदा, पूर्ण वाक्य बोलायला लावावे.